ॲट्रिपा रेटिक्युलॅरिस

ॲट्रिपा रेटिक्युलॅरिस ही ब्रॅकिओपोडा संघातील एक नामशेष सागरी जाती आहे. बाल्टिक समुद्रातील स्वीडनच्या गॉटलँड बेटावरील सिल्युरियन कालखंडाच्या (सुमारे ४४.३ ते ४१.९ कोटी वर्षांपूर्वी) चुनखडकांत तिचे जीवाश्म विपुल आढळतात. कवचाच्या दोन झडपांपैकी एक चपटी व दुसरी फुगीर असते. चोचीपासून पसरणाऱ्या बारीक कंगोऱ्यांना वाढीच्या आडव्या रेषा छेदत असल्याने पृष्ठभाग जाळीदार दिसतो. लॅटिन जातिनामाचा अर्थ हाच आहे.

नामकरण

कार्ल लिनियस १७४१ मध्ये गॉटलँडला गेला होता. 'सिस्टेमा नॅच्युरी' या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीत त्याने या जातीला 'ॲनोमिया रेटिक्युलॅरिस' असे नाव दिले. ब्रॅकिओपॉड हा स्वतंत्र गट तेव्हा मानला जात नसे. दोन झडपा असलेला प्राणी म्हणून तो शिंपल्यांत जमा होई. वस्तुतः शिंपल्याच्या झडपा डाव्या-उजव्या असतात, तर ब्रॅकिओपॉडाच्या वरच्या व खालच्या. 'ॲनोमिया' हे नाव आज शिंपल्यांच्याच एका प्रजातीकडे राहिले आहे.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ योहान विल्हेल्म डालमन याने १८२८ मध्ये 'ॲट्रिपा' ही नवी प्रजाती स्थापिली. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'छिद्ररहित' असा होतो. प्रत्यक्षात लहान वयात चोचीपाशी देठासाठी छिद्र असते. वाढत्या वयात चोच वाकून ते झाकले जाते. नाव अशा रीतीने चुकीच्या समजावर बेतलेले असले, तरी अर्थ जुळत नाही एवढ्या कारणाने वैज्ञानिक नाव रद्द होत नाही. प्रजाती बदलल्यामुळे मूळ लेखकाचे नाव आता कंसात लिहितात : ॲट्रिपा रेटिक्युलॅरिस (लिनियस, १७५८).

वर्गीकरण

ही जाती ऱ्हिंकोनेलाटा वर्ग, ॲट्रिपिडा गण व ॲट्रिपिडी कुल यांत मोडते. गणाची खरी ओळख कवचाच्या आत असते : अन्न गाळणाऱ्या अवयवाला आधार देणारी, चुन्याची दोन सर्पिल वेटोळी. ती पाहण्यासाठी कवच थराथराने घासावे लागते. एकोणिसाव्या शतकात बाह्य जाळीवरच भिस्त असल्याने सिल्युरियन व डेव्होनियन खडकांतील, जगभरच्या तशा कोणत्याही कवचाला 'ॲट्रिपा रेटिक्युलॅरिस' म्हटले गेले. परिणामी एकच जाती कोट्यवधी वर्षे आणि अनेक खंडांवर टिकून होती, असा भास निर्माण झाला.

एफ. ई. एस. अलेक्झांडर यांनी १९४९ मध्ये लिनियसच्या जातीची फेरतपासणी प्रसिद्ध केली. पुढे पॉल कॉपर यांनी या गटावर दीर्घकाळ काम केले. गॉटलँड व वेल्स सीमाप्रदेशातील सिल्युरियन ॲट्रिपिडांवरील त्यांचा प्रबंध २००४ चा आहे. दरम्यान अनेक रूपे वेगळी काढण्यात आली. काटेरी रूपांसाठी 'स्पिनॅट्रिपा' (१९५१), तर उत्तर अमेरिकेतील काही डेव्होनियन रूपांसाठी 'स्यूडोॲट्रिपा' (१९७३) ही प्रजाती आली. त्यामुळे जुन्या जीवाश्मसूचीत हे नाव आढळले, तरी केवळ त्यावरून खडकाचे वय ठरविता येत नाही. मूळ नमुना पुन्हा पाहावा लागतो.