दस, नौ, आठ

१९९०च्या दशकातली मुंबई. फलाटावर झोपणाऱ्या पोराला रात्री ताप भरला, कुणी बदडलं किंवा अंगचटीला आलं, तर त्यानं हाक मारायची कुणाला? पोलिसाची धास्तीच जास्त. संस्थांची कार्यालयं संध्याकाळी कुलूपबंद. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांचं या मुलांमध्ये येणं-जाणं होतं. अडीनडीला असू दे म्हणून त्यांनी घरचा नंबर देऊन ठेवला, आणि अपरात्री फोन खणखणू लागला.

एका घरच्या फोननं हे निभणार नव्हतं. जून १९९६मध्ये टाटा संस्थेचा प्रकल्प म्हणून ‘चाइल्डलाइन’ सुरू झाली. नंबर १०९८. दस, नौ, आठ असे उलटे आकडे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या पोराच्याही जिभेवर बसणारे. शिवाय फुकट, म्हणजे खिशात रुपयाचं नाणं नसलं तरी चालेल.

खरी करामत मात्र पलीकडच्या टोकाला होती. रस्त्यावर वाढलेली तरुण मुलंही फोन घ्यायला आणि मदतीला धावायला या पथकात होती. कुठला पूल, कुठला फलाट, हे त्यांना समजावून सांगावं लागत नसे. तासाभरात मुलापर्यंत पोहोचायचं, असा दंडक. कितीतरी फोनांवर कुणी बोलतच नसे. असा फोन खोडसाळ समजून आपटायचा नाही, हेही शिकावं लागलं. गप्प राहिलेलं पोर हिंमत गोळा करत असू शकतं.

१९९९मध्ये ‘चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन’ उभी राहिली आणि केंद्र सरकारच्या पाठबळावर ही सेवा मुंबईबाहेर शहरोशहरी पसरली. हरवलेल्या, राबवल्या जाणाऱ्या मुलांच्या जोडीला घरातल्या मारहाणीचे, बालविवाहाचे फोनही येऊ लागले. कळवणारं दर वेळी मूलच असे असं नाही. शेजारी, शिक्षक, वाटसरूही असत. २०१२च्या पॉक्सो कायद्यानं तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्यानं ती कळवणं बंधनकारकच केलं.

पुढे केंद्र सरकारनं ‘मिशन वात्सल्य’ या बालसंरक्षण योजनेखाली ही हेल्पलाइन स्वतःकडे घेतली. २०२३पासून राज्याराज्यांतल्या महिला व बालविकास विभागांकडे फोन जाऊ लागले आणि १०९८ची जोडणी ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी झाली. त्यावर बालहक्क कार्यकर्त्यांनी घेतलेला आक्षेप रास्त होता: पोलिसांना बिचकणारं मूल वर्दीशी जोडलेल्या यंत्रणेपुढे तोंड उघडेल का? जिवावरचा प्रसंग असेल तर ११२ची गाडी लवकर पोहोचेलही. पण सावत्र बापाबद्दल चाचरत बोलणाऱ्या मुलीला आधी गाडी नको असते, ऐकून घेणारं माणूस हवं असतं.