गॅम्बिट : बळी की टांग?

बुद्धिबळात सुरुवातीलाच एक प्यादे प्रतिस्पर्ध्यापुढे मारायला ठेवायचे, या चालीला 'गॅम्बिट' म्हणतात. राजकारणाच्या बातम्यांतही हा शब्द येतो आणि त्याचे मराठी 'बळी' किंवा 'बलिदान' असे होते. मीही बरीच वर्षे तसेच लिहीत होतो. शब्दाचा माग काढला, तेव्हा चूक ध्यानात आली.

मूळ इटालियन शब्द 'गाम्बेत्तो'. 'गाम्बा' म्हणजे पाय. पायात पाय घालून पाडणे म्हणजे गाम्बेत्तो. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१च्या आपल्या ग्रंथात कुस्तीतला हा शब्द बुद्धिबळाला लावला.

आमच्या मोहोळ भागातल्या जत्रेच्या फडात हाच डाव दिसतो. आपण त्याला 'टांग' म्हणतो. एका जुन्या वस्तादांना मी गॅम्बिटचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, "टांग मारणारा घडीभर एकाच पायावर असतो. चुकली, की तोच खाली."

पटावर नेमके हेच घडते. राजाच्या गॅम्बिटमध्ये पांढरा दुसऱ्या चालीला राजाकडील उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकतो. काळ्याने ते मारले, की त्याचे मधले प्यादे बाजूला ओढले जाते आणि मधली घरे पांढऱ्याला मोकळी होतात. पण पांढऱ्या राजाची बाजूही उघडी पडते. वजिराच्या गॅम्बिटमध्ये तर दिलेले प्यादे बहुधा परत मिळते. मग बलिदान कसले?

मराठीत या चालीला शब्द का नव्हता? देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीलाही साधारणतः एकच घर सरके. मोहरी सावकाश भिडत. आपले शब्द शेवटाचे : शह, मात, प्यादेमात. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचा मूळ संस्कृत ग्रंथ १८१४मध्ये मुंबईत इंग्रजीतून छापला गेला. त्याचाही मुख्य भर पेचाच्या मांडण्यांवर आहे, आरंभाच्या चालींवर नाही.

तरी आखाडा आणि पट यांचे नाते मराठीला नवे नाही. 'डाव' हा एकच शब्द आपण दोन्हीकडे वापरतो, 'पेच'ही तसाच. म्हणून गॅम्बिटला 'प्याद्याची टांग' म्हणावे, असे माझे मत आहे. 'बळी' म्हटले की देणाऱ्याचे औदार्य दिसते. 'टांग' म्हटले की त्याचा हेतू दिसतो, आणि त्याने पत्करलेला धोकाही.

उद्या कोणी पुढाऱ्याने पदावर पाणी सोडले, तर त्याग केवढा, हे मोजण्याआधी त्याचा पाय कुणाच्या पायात आहे, ते पाहावे.