नाशिक जिल्हा : शरदातील हवामान

नाशिक जिल्ह्यात शरदाचा काळ म्हणजे ढोबळमानाने सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचे अडीच महिने. पंचांगात तो आश्विन-कार्तिकाचा. शेतकरी मात्र तो उत्तरा, हस्त, चित्रा आणि स्वाती या पावसाच्या शेवटच्या नक्षत्रांवर मोजतो. या काळात पाऊस माघारी जातो, ऊन तापते आणि मागोमाग थंडी उतरते. द्राक्षाची छाटणी, लाल कांद्याची काढणी, उन्हाळी कांद्याची रोपे, भाताची कापणी आणि रब्बीचा पेरा हे सगळे याच अडीच महिन्यांत येत असल्याने जिल्ह्याच्या वर्षभराच्या पैशाचा हिशेब इथेच ठरतो.

भूरचना. जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर असून तालुके १५ आहेत. पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा हे तालुके सह्याद्रीच्या माथ्यावर व उतारांवर आहेत. जुन्या गॅझेटियरमध्ये या पट्ट्याला डांग आणि पूर्वेच्या सपाटीला देश म्हटले आहे; हवामानाच्या दृष्टीने ही विभागणी आजही खरी ठरते. सह्याद्रीपासून पूर्वेला दोन फाटे निघतात. सातमाळ्याची रांग कळवण, दिंडोरी, चांदवडवरून जाते, तर सेलबारी-डोलबारीची रांग बागलाणात आहे. राज्यातील दुसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर साल्हेर (१,५६७ मीटर) याच बागलाणातले. सातमाळ्याच्या दक्षिणेला गोदावरी, दारणा व कादवा यांचे खोरे, उत्तरेला गिरणा-मोसमचे. पश्चिम उतारावरून दमणगंगा, नार व पार या नद्या अरबी समुद्राकडे जातात. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, नाशिक शहरात ७०० च्या आसपास, तर येवला-नांदगावकडे तो ५०० च्या घरात येतो. इगतपुरी ते येवला हे अंतर अवघे सव्वाशे किलोमीटर आहे.

पावसाची माघार. नैर्ऋत्य मोसमी वारे वायव्य राजस्थानातून परतू लागण्याची सरासरी तारीख भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेली. मुंबईसाठीची तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर झाली. नाशिकमधून पाऊस निघतो तोही साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. माघार जाहीर करताना सलग पाच दिवस पाऊस नसणे, हवेतील बाष्प लक्षणीय घटणे आणि खालच्या थरात वाऱ्यांचे प्रतिचक्राकार वहन सुरू होणे, अशा खुणा पाहिल्या जातात. तारखांच्या या बदलामागे पुष्कळ वर्षांच्या नोंदी आहेत, आणि गावोगावचे अनुभवही त्याला धरूनच आहेत : दसऱ्याला आभाळ मोकळे असेलच, असे आता कोणी गृहीत धरत नाही.

जून ते ऑगस्टचा पाऊस पश्चिमेकडून येतो व घाटमाथ्यावरच बराचसा रिता होतो. परतीच्या पावसाची चाल वेगळी असते. वाऱ्यांची दिशा मोडलेली असते, बंगालच्या उपसागरातून आलेले कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडून सरकतात, दुपारच्या उन्हाने जमिनीलगतची दमट हवा वर चढते आणि तीन-चारच्या सुमारास ढग उभे राहतात. मग विजा, वारा आणि तासाभराची झड. हा पाऊस एका शिवारात नाला भरून वाहवतो, तर शेजारच्या शिवारात जमीनही भिजत नाही. पर्जन्यछायेतील तालुक्यांना आपला वाटा याच पावसातून मिळतो. येवला, नांदगाव, मालेगाव आणि सिन्नरच्या पूर्व भागात विहिरींना पाणी उतरायचे, ज्वारी-हरभऱ्याचा पेरा साधायचा, तर उत्तरा-हस्ताने हात द्यावा लागतो. तो चुकला की जानेवारीपासूनच टँकरची मागणी सुरू होते.

एकच सर, तीन परिणाम. येवल्यात ज्या सरीची वाट पाहिली जाते, तिनेच निफाड-दिंडोरीत झोप उडते. द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते : उन्हाळ्यात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर काड्यांवर पेस्ट लावली जाते, डोळे फुगतात आणि दोन आठवड्यांच्या सुमारास वेल पोंगा अवस्थेत येते. कोवळ्या फुटीत दडलेला घड याच वेळी बाहेर पडायचा असतो. नेमके तेव्हा दोन-तीन दिवस ढगाळ राहिले, पाऊस पडला, तर घड जिरतो. त्याच्या जागी नुसता दोरीसारखा तणावा उरतो. पुढे फुलोऱ्यात पाऊस आला तर गळ आणि घडकुज. पाने रात्रभर ओली राहिली की डाउनी (केवडा) हा रोग आलाच : पानाच्या वरच्या अंगाला तेलकट पिवळे डाग पडतात, खाली पांढरी बुरशी धरते, आणि तीच घडावर गेली की मणी तपकिरी होऊन गळतात. म्हणून या दिवसांत बागाईतदार भल्या पहाटे बागेत जाऊन आधी पानाखालून हात फिरवतो. हात ओला झाला तर फवारणी टाळता येत नाही. पण रानात वाफसा नसेल तर ट्रॅक्टर रुततो, आणि फवारून झाल्यावर तासाभरात सर आली की औषध धुऊन जाते. पाठीवर पंप घेऊन चिखलातून ओळीओळीने फिरणारे मजूर ऑक्टोबरात या पट्ट्यात जागोजागी दिसतात.

बागलाण, देवळा, कळवणकडील पूर्वहंगामी बागांची जोखीम आणखी मोठी. तिथे छाटणी भर पावसाळ्यात होते, माल नवीन वर्षाच्या आधीच बाजारात न्यायचा असतो आणि भावही चढा मिळतो. पण शरदाच्या शेवटी या बागांत मणी पाण्यावर आलेले असतात. एका पावसात ते तडकतात. प्लॅस्टिकच्या आच्छादनाचा उपाय आहे, मात्र त्याचा एकरी खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे.

घाटमाथ्यावर हीच सर भातावर पडते. इगतपुरी-त्र्यंबककडे हळवा भात आधी कापणीला येतो, गरवा नंतर. कापून वाफ्यात पसरलेल्या भातावर पाणी साचले की दाणा काळवंडतो, कोंब फुटतात आणि जनावरांचा पेंढाही सडतो. उतारावरची नागली, वरई थोडी टिकाव धरतात. याच दिवसांत खुरासणी फुलून डोंगरउतार पिवळे होतात, आणि सुरगाणा-कळवणच्या माथ्यावर स्ट्रॉबेरीची लागण सुरू होते. तिला थंड रात्री हव्या असतात, पाऊस नको असतो.

कांद्याचे गणित दुहेरी आहे. काढणीला आलेला लाल कांदा पाण्यात सापडला तर जागेवर सडतो. त्याच वेळी टाकलेली उन्हाळी कांद्याची रोपे पिवळी पडून मर लागते. म्हणजे ऑक्टोबरच्या पावसाचा फटका नोव्हेंबरात लासलगावच्या आवकेत दिसतो आणि पुन्हा पुढच्या एप्रिलमध्येही. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या लासलगाव बाजार समितीतील भाव देशभर पाहिले जातात, त्यामुळे निफाड-चांदवडच्या आभाळाचा परिणाम दूरच्या शहरांतील स्वयंपाकघरांपर्यंत पोचतो.

२०१९. अलीकडच्या काळातील सर्वांत बोलका शरद हाच. त्या वर्षी मोसमी पावसाची माघार देशात ९ ऑक्टोबरला सुरू झाली. नोंदी असलेल्या काळातील ही सर्वांत उशिराची तारीख. हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा बराच उबदार होता, आणि अरबी समुद्रात वर्षभरात पाच चक्रीवादळे झाली. ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ ही वादळे उठली. दोन्ही नाशिकपासून दूर समुद्रातच राहिली. पण त्यांनी ओढून आणलेल्या बाष्पाने ऐन दिवाळीत आणि नंतरही पाऊस होत राहिला. मक्याची कणसे रानातच उगवली, सोयाबीन भिजले, छाटलेल्या बागांतले घड गेले, लाल कांदा सडला. कांद्याचा किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांपलीकडे गेला, आणि ज्यांच्या रानात कांदा उरलाच नव्हता त्यांना त्या भावाचा काहीच उपयोग नव्हता. तेव्हा राज्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी दोन हेक्टरांच्या मर्यादेत खरीप पिकांना हेक्टरी ८,००० आणि फळबागांना १८,००० रुपये मदत जाहीर केली. द्राक्षबागेचा एकरी खर्च लाखांत जातो, हे पाहता ती रक्कम फारच तोकडी होती.

डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीच्या ‘ओखी’ वादळाने आणि २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने हेच दाखवले की पाऊस परतल्याची घोषणा झाली म्हणजे धोका टळला, असे होत नाही.

नदी आणि धरणे. सप्टेंबरात धरणे भरलेली असतात, त्यामुळे उशिराचा जोरदार पाऊस थेट नदीत सोडावा लागतो. सप्टेंबर १९६९ आणि सप्टेंबर २००८ चे गोदावरीचे पूर याच काळातले. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले, यावरून नाशिककर पुराचे माप सांगतात. पुढील सिंहस्थाची मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात असल्याने गंगापूर धरणाच्या विसर्गाचे नियोजन त्या वर्षी अधिकच नाजूक राहील.

१५ ऑक्टोबर ही तारीख जिल्ह्यात वेगळ्याच कारणाने महत्त्वाची आहे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार या दिवशी पैठणच्या जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. २०२३ मध्ये तसे पाणी सोडावे लागले. परतीचा पाऊस मराठवाड्यात कसा झाला, यावर नाशिकच्या कालव्यांची रब्बीची आवर्तने अवलंबून असतात.

ऊन आणि थंडी. पाऊस गेल्यावर पंधरा-वीस दिवस ऑक्टोबर हीटचे. नाशिक शहरात दुपारचे तापमान ३२-३३ अंशांवर जाते. मालेगावकडे ते त्याहून वर असते. जमिनीत ओल असल्याने उकाडा आकड्यापेक्षा जास्त जाणवतो. कोजागरीला कावडी घेऊन सप्तशृंगगडाकडे निघालेले भाविक म्हणूनच उन्हाच्या आधीचे तास चालण्यासाठी धरतात.

दिवाळीच्या आसपास वारा उत्तरेचा होतो आणि रात्रीचे तापमान झपाट्याने उतरते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात शहरात ते १२-१३ अंशांच्या आसपास असते. निफाडला बहुधा आणखी दोन-तीन अंश कमी. निफाड डोंगरावर नाही, उलट गोदावरी-कादवेच्या सखल खोऱ्यात आहे, आणि कारणही तेच. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता सोडते, गार झालेली जड हवा भोवतीच्या चढांवरून घरंगळत खोलगट भागात साचते. कालव्यांचे पाणी, भिजवलेली काळी जमीन आणि उसाचे फड यांमुळे पहाटे धुईही तिथे दाट धरते. तळपट्टीतली हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहिल्याने मध्यम उंचीच्या उतारावरच्या बागा अनेकदा वाचतात. निफाडचे म्हणून वर्तमानपत्रांत छापले जाणारे तापमान कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील असते; डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तिथे पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. गव्हाला ही थंडी मानवते. द्राक्षाचे मणी मात्र दहा अंशांखाली फुगायचे थांबतात, आणि मग बागांतून पहाटे शेकोट्या पेटतात. याच सुमारास नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर स्थलांतरित पक्ष्यांचे थवे वाढू लागतात. जानेवारी २०२० मध्ये या जागेला राज्यातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली.

अंदाज आणि त्याचे वाचन. हवामान विभाग नाशिकला मध्य महाराष्ट्र उपविभागात धरतो. ऑक्टोबर ते डिसेंबरचा हंगामी अंदाज सप्टेंबरच्या शेवटी येतो, चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी आणि जिल्हावार इशारे रोज. यांपैकी हंगामी अंदाजावरून छाटणीची तारीख ठरवणे धोक्याचे. तो मोठ्या प्रदेशाच्या सरासरीबद्दल बोलतो, आणि परतीचा पाऊस सरासरीने पडत नाही. विस्तारित अंदाजातून अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातील हालचालींचा सुगावा लागतो, तो छाटणीचे टप्पे पाडायला उपयोगी पडतो. सगळी बाग एकाच आठवड्यात न छाटण्याची जी रीत निफाड-दिंडोरीत रुजली आहे, ती याच अनिश्चिततेवरचा उतारा आहे.

अलीकडे नाशिक जिल्हा आणि नाशिकचा घाटमाथा यांना स्वतंत्र इशारे दिले जातात. ही सुधारणा फार आवश्यक होती. गिरणा खोरे आणि येवला-नांदगावची सपाटी यांनाही अशीच वेगळी ओळख मिळायला हवी, कारण घाटातला केशरी इशारा आणि मालेगावातले कोरडे ऊन एकाच दिवशी असू शकतात. महसूल मंडळनिहाय बसवलेल्या ‘महावेध’च्या स्वयंचलित केंद्रांमुळे नोंदी पूर्वीपेक्षा गावाच्या जवळ आल्या आहेत. फळपीक विम्याची भरपाई ज्या नोंदींवर ठरते त्या अशाच केंद्रांच्या, म्हणून केंद्रावर कोरडे आणि चार किलोमीटरवरच्या बागेत गुडघाभर पाणी असा प्रकार झाला की शेतकरी पंचनाम्याची मागणी घेऊन तहसील गाठतो.