एक नाव, दोन मेणबत्त्या

२ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मृतिदिनी, माझी आजी आपल्या सासऱ्यांसाठी दोन मेणबत्त्या लावीत असे. कारण विचारले की म्हणे, "एक म्हाताऱ्याची, एक त्याच्या नावाची." म्हातारपणाची लहर म्हणून आम्ही ते सोडून दिले.

पुढे एकोणिसाव्या शतकातील या पणजोबांचा शोध घ्यावासा वाटला, तेव्हा वसईतील आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या मी उघडल्या. विवाहाची नोंद ठेवण्याची आज्ञा ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली दिली. बाप्तिस्मा आणि मृत्यू यांच्या नोंदींचे नमुने १६१४ च्या रोमन विधिग्रंथात आले. १७३९ मध्ये वसईतील पोर्तुगीज सत्ता संपली. परंतु त्यानंतरही गोव्याकडील धर्मगुरू येथे सेवा करीत राहिले आणि नोंदींची भाषा पोर्तुगीजच राहिली.

गावात आडनावे मोजकी आणि संतांची नावे तीच ती. त्यामुळे माणूस ओळखायचा तो आईबापांच्या, धर्मपित्याच्या नावावरून. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी विवाहाची नोंद करण्याचा नियम १९०८ मध्ये अमलात आला. पणजोबांचा विवाह त्याआधीचा. म्हणून त्यांच्या बाप्तिस्म्यासमोरचा समास कोराच होता. विवाहाच्या वहीतील वयावरून मागे मोजले, तर तीन वर्षांचा फरक पडला. लिहिणाऱ्या धर्मगुरूंची चूक, असे ठरवून मी वही मिटणार होतो.

इतक्यात आजीची दुसरी मेणबत्ती आठवली. दफनाची वही उघडली. त्याच आईबापांचे, त्याच नावाचे बालक दोन वर्षांचे होण्याआधीच वारले होते. बाप्तिस्म्याची वही पुन्हा चाळली. काही पानांपुढे तेच आईबाप आणि तेच नाव दुसऱ्यांदा भेटले. गेलेल्या लेकराचे नाव पाठच्या भावाला देण्याची रीत जुन्या कुटुंबांत होती. ज्यांना मी पणजोबा समजत होतो, ते त्यांचे थोरले भाऊ होते.

आजीला अक्षर येत नव्हते. पण शंभर वर्षांपूर्वीचे एक मूल तिने विसरू दिले नव्हते. वहीला तारीख ठाऊक होती, आजीला नाते. एकीवाचून दुसरी अपुरी होती. म्हणून वाचकहो, नोंदवही पाहण्याआधी घरातील वृद्धांजवळ घटकाभर बसा. वह्या कपाटात राहतील. माणसे राहत नाहीत.

आता २ नोव्हेंबरला मीही दोन मेणबत्त्या लावतो.