यंत्राचा जीर्णोद्धार

‘जीर्णोद्धार’ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे देऊळ उभे राहते. खचलेला सभामंडप, निखळलेले चिरे आणि त्यांवर नवा गिलावा चढविणारे हात. हेतू बहुधा चांगलाच असतो. परंतु एखाद्या शिलालेखावर रंगाचा जाड थर बसला म्हणजे देऊळ नवे दिसू लागते आणि त्याचा इतिहास मात्र मुका होतो, हा अनुभव आपल्याला अपरिचित नाही. हाच प्रश्न यंत्राच्या बाबतीत कसा उभा राहतो, हे आज पाहावयाचे आहे. हे यंत्र म्हणजे मोटोक्रॉसच्या शर्यतींसाठी बांधलेली जुनी मोटारसायकल. आणि तिचा जीर्णोद्धार करणारे लोक म्हणजे संग्रहालयातले तज्ज्ञ नव्हेत, तर युरोप-अमेरिकेत घरामागच्या पडवीत सुटीच्या दिवशी हात काळे करून घेणारे हौशी गृहस्थ.

प्रथम या शर्यतीची ओळख करून घेऊ. मोटोक्रॉसची शर्यत सडकेवर होत नाही. ती होते चिखलात, वाळूत, चढउतारांवर. १९२४ साली इंग्लंडमधील सरे परगण्यात, कॅम्बर्ली येथील माळरानावर, मोटारसायकलस्वारांची एक शर्यत झाली आणि तिला ‘स्क्रॅम्बल’ हे नाव पडले. धडपडत, सरपटत पुढे जाणे, असा त्या शब्दाचा अर्थ. पुढे हा खेळ फ्रान्स-बेल्जियममध्ये गेला. तेथे मोटारसायकलीसाठी असलेला फ्रेंच शब्द आणि ‘क्रॉसकंट्री’ यांच्या जोडणीतून ‘मोटोक्रॉस’ हे नाव रूढ झाले. १९४७ साली हॉलंडमधील वासेनार येथे निरनिराळ्या राष्ट्रांच्या संघांची पहिली स्पर्धा झाली व ती ब्रिटनने जिंकली. १९५२ पासून ५०० सीसीच्या गाड्यांसाठी युरोपीय अजिंक्यपद सुरू झाले, आणि १९५७ मध्ये त्याचेच जागतिक अजिंक्यपदात रूपांतर झाले.

या आरंभीच्या काळावर राज्य होते ते चार-स्ट्रोकच्या वजनदार इंजिनांचे. ब्रिटिश कारखान्यांचा त्यात मोठा वाटा होता. १९६४ आणि १९६५ या दोन्ही वर्षी ५०० सीसीचे जगज्जेतेपद जेफ स्मिथ याने बी.एस.ए. गाडीवर मिळविले. परंतु त्याच १९६४ साली २५० सीसीच्या वर्गात ज्योएल रोबेर नावाचा वीस वर्षांचा बेल्जियन तरुण जगज्जेता झाला, तो एका दोन-स्ट्रोकच्या गाडीवर. ती गाडी होती चेकोस्लोव्हाकियातील स्ट्राकोनित्से गावच्या सी.झेड. कारखान्याची. मुळात हा शस्त्रास्त्रांचा कारखाना. बंदुकांबरोबर त्याने सायकली केल्या, मग मोटारसायकली. १९६४ ते १९६९ या सहा वर्षांत दोन्ही वर्ग मिळून सात जगज्जेतेपदे सी.झेड. गाड्यांवर जिंकली गेली. पूर्व जर्मनीचा पाउल फ्रीडरिक्स याने १९६६ पासून सलग तीन वर्षे ५०० सीसीचा मुकुट जिंकला, तेव्हा जड इंजिनांचे युग संपत आल्याचे सर्वांना कळून चुकले.

या गाडीच्या आरंभीच्या नमुन्याचे एक वैशिष्ट्य आपल्याकडील पुष्कळांना ओळखीचे वाटेल. तिला सिलिंडर एकच. परंतु धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या मात्र दोन. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून बाहेर पडलेली जावा ज्यांनी चालविली आहे, त्यांना एका सिलिंडरच्या या दोन नळ्या आणि त्यांतून उमटणारा तो विशिष्ट नाद आठवत असेल. दोन्ही गाड्या मूळच्या चेक घराण्यातल्या. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, पण तो नाद अजून कित्येकांच्या कानांत आहे.

दोन-स्ट्रोकच्या इंजिनात ही नळी केवळ धूर वाहून नेण्यासाठी नसते. ती मध्ये फुगीर आणि टोकाशी निमुळती असते. इंजिनातून निघालेली दाबाची लाट त्या निमुळत्या टोकावर आपटून परत फिरते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे इंधन पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. या तत्त्वाचा पद्धतशीर विकास केला तो पूर्व जर्मनीतील एम.झेड. कारखान्याचा अभियंता वॉल्टर काडेन याने, १९५० नंतरच्या दशकात. १९६१ साली त्याच कारखान्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील स्पर्धेच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला, सुझुकी या जपानी कंपनीला मिळाला, आणि त्याच्याबरोबर हे ज्ञानही पूर्वेकडे गेले. अंगणात गंजत पडलेल्या एखाद्या नळीच्या फुगवट्यात शीतयुद्धाचा असा एक अध्याय दडलेला असतो.

मग अशी विजयी यंत्रे अडगळीत का गेली? कारण शर्यतीच्या यंत्राला म्हातारपण फार लवकर येते. १९७० साली रोबेर स्वतःच सुझुकीकडे गेला. १९७३ मध्ये हॉकन आंदेरसॉन याने यामाहाच्या गाडीवर २५० सीसीचे जगज्जेतेपद मिळविले. तिच्या मागल्या चाकास, बेल्जियन अभियंता ल्युसियँ टिल्केन्स याच्या कल्पनेवरून तयार झालेला, एकच लांब शॉक-ॲब्सॉर्बर होता. त्यामुळे चाक कितीतरी अधिक वरखाली होऊ लागले, आणि अवघ्या दोनतीन वर्षांत जुन्या बांधणीच्या गाड्या स्पर्धेतून बाद झाल्या. त्यांचे चाक एकाने नेले, इंजिन दुसऱ्याने. उरलेला सांगाडा कोठारात पडून राहिला.

असा सांगाडा घरी आणणाऱ्याचे काम पान्याने सुरू होत नाही. ते सुरू होते कॅमेऱ्याने आणि वहीने. कोणता बोल्ट कोठून निघाला, कोणती चकती कोणत्या बाजूस होती, हे सोडवितानाच टिपून ठेवावे लागते. पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झालेला असतो. त्याच्यावर हातोडा चालविणे म्हणजे दोघांचाही नाश. त्याला पातळ तेल पाजून, थोडी ऊब देऊन, दिवसच्या दिवस वाट पाहावी लागते. बेअरिंग काढण्याची युक्ती तर मोठी मौजेची आहे. इंजिनचे कवच ॲल्युमिनियमचे आणि बेअरिंग पोलादाचे. तापविल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून कवच स्वयंपाकघरातील भट्टीत शंभर अंशांपर्यंत तापविले की बेअरिंग बहुधा अलगद निसटून खाली पडते. त्यासाठी घरातील मंडळींची परवानगी मिळविणे, हाच काय तो कठीण भाग!

काही भाग मात्र निःशंकपणे बदलावेच लागतात. दोन-स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकची पेटी हाच इंधन ढकलणारा पंप असतो. तेथील रबरी सील वाळून चिरले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन भलतेच तापते आणि नवा पिस्टनसुद्धा वितळू शकतो. सील, रिंगा, बेअरिंग, टायर, साखळी हे सारे झिजण्यासाठीच जन्माला आलेले भाग होत. त्यांच्या जागी नवे घातल्याने इतिहासाचे काही बिघडत नाही.

खरा प्रश्न पुढे आहे. सांगाड्यावर एके ठिकाणी ओबडधोबड जोड दिसतो. शर्यतीत मोडलेली नळी कोणीतरी घाईने जोडलेली असते. एखाद्या पट्टीला वजन घटविण्यासाठी हाताने भोके पाडलेली असतात. रंग बारीक कागदाने हळूहळू घासला तर खाली दुसरा रंग लागतो, त्याखाली तिसरा. म्हणजे तितक्या वेळा तिला नवे रूप मिळाले. हे सर्व घासून, भरून, चकचकीत करून टाकावे काय? तसे केले म्हणजे गाडी कारखान्यातून आजच निघाल्यासारखी दिसेल. पण ती कारखान्यात एकच दिवस उभी होती. चिखलात तिने वर्षे काढली. त्या एका दिवसाचे रूप परत आणण्यासाठी त्या वर्षांची साक्ष पुसावयाची, हा सौदा तोट्याचा नव्हे काय?

इतिहाससंशोधक अस्सल आणि नक्कल असा भेद करतात. अस्सल कागद फाटका असला, त्यावर शाई सांडलेली असली, तरी सुवाच्य नकलेपेक्षा त्याचे मोल अधिक. कारण तो डागही काही सांगत असतो. तथापि यंत्र हे निव्वळ कागद नव्हे. जी गाडी सुरूच होत नाही, तिचे अर्धे सत्य अबोल राहते. तिचा आवाज, तिचा धक्का, वळणावर तिला सावरताना स्वाराला होणारे कष्ट, हेही तिच्या इतिहासाचेच भाग आहेत. अमेरिकेतील ऐतिहासिक मोटारसायकलींच्या संघटनेने यावर एक सुज्ञ तोडगा काढला आहे. तिच्या जुन्या वर्गांतील शर्यतींत पुढचे चाक सात इंचांहून आणि मागचे चार इंचांहून अधिक वरखाली होता कामा नये, असे बंधन आहे. जी मर्यादा एके काळी या गाड्यांच्या पराभवाला कारण झाली, तीच येथे नियम बनली, आणि त्या आपल्या काळाच्या चालीने पुन्हा धावू लागल्या.

तेव्हा घरच्या पडवीत काम करणाऱ्या या हौशी माणसाचा धर्म असा सांगता येईल: झिजणारे ते बदलावे, साक्ष देणारे ते राखावे, जे काढले ते फेकू नये, आणि जे केले ते लिहून ठेवावे. त्याच्या मागून पन्नास वर्षांनी तीच गाडी पुन्हा कोणीतरी उघडील. तेव्हा जुनी जखम कोणती आणि नवे औषध कोणते, हे त्याला वेगळे ओळखता आले पाहिजे. एवढे ज्याने साधले, त्याने विद्यापीठाची पायरी चढलेली नसली तरी त्याला इतिहासकार म्हणावयास हरकत नाही. गाडीला लकाकी आणणे पुष्कळांना जमते. कोठे हात थांबवावा, हे मात्र थोड्यांना कळते.