संप न करणारा संघ

मजूर-संघाचें मुख्य शस्त्र कोणतें, असें कोणासहि विचारलें तर तो संपाचेंच नांव घेईल. परंतु ज्याचें काम तासभर बंद राहिलें तर एखादी आळीच्या आळी जळून जावयाची, त्यानें हें शस्त्र उचलावें काय? आणि न उचलावें, तर त्याचें गाऱ्हाणें ऐकणार कोण? अमेरिकेंतील बंबवाल्यांचा इतिहास आम्ही चाळूं लागलों तेव्हां हाच प्रश्न वारंवार आमच्यापुढें येऊन उभा राहिला.

त्या देशांत आग विझविणें हें प्रथम परोपकाराचें काम होतें. बेंजामिन फ्रँकलिननें १७३६ सालीं फिलाडेल्फियांत स्थापन केलेली मंडळी स्वयंसेवकांचीच होती. पुढें अशा मंडळ्यांत चढाओढ माजली; घर जळत असतां आधीं पाणी कोणीं मारावयाचें यावरून हातघाईचे प्रसंग घडूं लागले. तेव्हां १८५३ सालीं सिनसिनाटी शहरानें वाफेचा बंब घेऊन पगारी दल उभारलें, व १८६५ सालीं न्यूयॉर्कनें तोच मार्ग धरिला. स्वयंसेवक गेला, नोकर आला. पण अपेक्षा मात्र स्वयंसेवकाच्याच राहिल्या. बंबखान्यांतच राहावयाचें, तेथेंच निजावयाचें, जेवणापुरतें घरीं जावयाचें, आणि महिन्यांतून मोजके दिवस सुटी. पुढें दोन पाळ्या झाल्या तेव्हां आठवड्याचे ८४ तास भरूं लागले, आणि ही सुधारणा गणली गेली!

आरंभीं या लोकांच्या संस्था मृताची क्रिया व त्याच्या विधवेस साहाय्य एवढ्यापुरत्याच असत. अखेर २८ फेब्रुवारी १९१८ रोजीं वॉशिंग्टन येथें २४ स्थानिक संघांचे ३६ प्रतिनिधि जमले व ‘इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ फायर फायटर्स’ हा संघ जन्मास आला. पण दुसऱ्याच वर्षीं, सप्टेंबर १९१९ मध्यें, बोस्टनच्या पोलिसांनीं संप केला. शहरांत लुटालूट झाली, सैन्य आणावें लागलें, आणि संपवाले कायमचे नोकरीस मुकले. सार्वजनिक सुरक्षिततेविरुद्ध संप करण्याचा हक्क कोणासहि नाहीं, असें त्या वेळीं तेथील गव्हर्नर कूलिज यांनीं बजाविलें व त्यावर देशभर टाळ्या पडल्या. अपराध पोलिसांचा, परंतु संशय बंबवाल्यांवरहि आला. १९३० सालीं त्यांच्या संघानें संप न करण्याचें कलम आपण होऊन आपल्या घटनेंत घातलें.

कोणी यास भेकडपणा म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. एक दार स्वतः बंद केल्यावर दुसरें शोधणें प्राप्तच होतें. कामाचे तास, पेन्शन, जखमीचा पगार, या एकेका गोष्टीसाठीं ते विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवूं लागले. मात्र जो कधींच संप करणार नाहीं त्याचें म्हणणें उद्यांवर ढकलणें नगरपालिकांस फार सोपें जातें. तें कलम १९६८ सालीं काढून टाकण्यांत आलें.

त्यानंतर काय घडलें हें लपविण्यांत अर्थ नाहीं. ६ नोव्हेंबर १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या बंबवाल्यांनीं सुमारें साडेपांच तास संप केला. मागाहून उघड झालें कीं, सभासदांचें बहुमत संपाविरुद्ध पडलें होतें, आणि पुढाऱ्यांनीं नेमकें उलट जाहीर केलें होतें! या इतिहासांत आम्हांस सर्वांत लाजिरवाणें पान वाटलें तें हेंच. नगराचा विश्वास गमावला तो गमावला, पण ज्यांच्या नांवानें बोलावयाचें त्यांचें मतहि खोटें सांगितलें.

तरी संघाचें काम थांबलें नाहीं. कर्तव्य करतांना मेलेल्याच्या कुटुंबास ५०,००० डॉलर देण्याचा कायदा १९७६ सालीं झाला. पण ज्वाळेनें मेला तो सर्वांस दिसतो. धुरानें वीस वर्षांनीं मेला तर? त्यास झालेला कर्करोग कोणत्या आगीच्या धुरानें जडला, हें विधवेनें सिद्ध करावें तरी कसें? म्हणून असा रोग नोकरींतूनच जडला असें गृहीत धरणारे कायदे संघांनीं मागितले. कॅलिफोर्नियानें १९८२ सालीं तसा कायदा केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें आग विझविण्याचा व्यवसाय कर्करोगास कारण होतो असें ठरविलें तें २०२२ सालीं. मधलीं चाळीस वर्षें हा वाद एकेका राज्यांत निरनिराळा लढावा लागला, आणि प्रत्येक ठिकाणीं पुरावा म्हणून पुढें करावयास मृतांचीच यादी होती.