मुलांच्या खेळास जागा: एक इतिहास



आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवानिमित्त देवळाच्या बांधकामाविषयी, पूर्वीच्या धर्मगुरूंविषयी व शाळेविषयी इतरांनी लिहिले आहेच. माझ्या वाट्यास देवळामागील पटांगण आले आहे. खरे सांगावयाचे तर ते मीच मागून घेतले. त्याचे कारण पुढे येईल.

मुलांच्या खेळास निराळी जागा राखावी लागते, ही कल्पनाच आपल्या जालना प्रांती फार जुनी नव्हे. सुगी सरली की खळे मोकळे पडे आणि त्याच भुईवर हुतुतू व आट्यापाट्या रंगत. विटीदांडूस गायरान, सूरपारंब्यांस वड, गोट्यांस पाराची सावली, सागरगोट्यांस घरची ओसरी आणि नागपंचमीच्या झोक्यास लिंबाची बळकट फांदी, असा सर्व सरंजाम गावातच असे. लेकरू कोठे खेळेल, हे आईबापांस कोणास विचारावे लागत नसे.

जालना शहरासही मोकळ्या जागेची वाण नव्हती. सोळाव्या शतकात जमशेदखानाने मोती तलाव बांधला. पुढे १८२७ साली येथे लष्करी छावणी वसली, आणि छावणी म्हटली की कवायतीचे पटांगण आलेच. १९०० साली आगगाडी आली. १९०३ साली छावणी मोडली. त्यानंतर मात्र पेठा वाढल्या, गुदामे झाली, बियाण्यांचा व लोखंडाचा व्यापार भरास आला. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा कचेऱ्या व वसाहती यांसही जमीन लागली. ह्यात कोणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. परंतु जमिनीची वाटणी होते, त्या बैठकीस मुलांचा वकील कोणी नसतो. इकडे खेळांस तर आखलेल्या मैदानाची गरज वाढत चालली होती. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खोखोचे नियम बांधले, आणि १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी बर्लिन येथे आपले देशी खेळ परदेशीयांस करून दाखविले. ज्या खेळांचे बर्लिनमध्ये कौतुक झाले, ते खेळण्यास आमच्या आळीतील मुलास वीस पावले मोकळी भुई मिळू नये, हे नवलच.

आता कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका चेंडूने वस्त्रागाराच्या खिडकीची काच फुटली. एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेली ती काच होती. मला राग आला व मी पटांगणाच्या फाटकास कुलूप घातले. उन्हाळाभर देवळाभोवती शांतता नांदली आणि, कबूल करतो, ती मला गोड लागली. मग एके संध्याकाळी एका मजुराच्या मुलास रस्त्यावर खेळताना दुचाकीची धडक बसली. पाय मोडला, देवाच्या कृपेने तेवढ्यावर निभावले. मी रुग्णालयात भेटीस गेलो तेव्हा त्याच्या आईने मला एका शब्दानेही दूषण दिले नाही. तिने इतकेच विचारले, "फादर, मग त्याने खेळावं कुठं?"

मजजवळ उत्तर नव्हते. घरी येऊन संत योहान बॉस्को यांचे चरित्र पुन्हा काढले. धर्मशिक्षणालयात ते मी बोधकथा म्हणून वाचले होते. ह्या खेपेस लाजेने वाचले. ८ डिसेंबर १८४१ रोजी तुरीन शहरातील एका देवळात मिस्साची सेवा करता येत नाही म्हणून एका पोरक्या मुलास सेवेकऱ्याने मारून हाकलले. त्या तरुण धर्मगुरूंनी त्यास परत बोलाविले व जवळ बसवून घेतले. येथून त्यांच्या कार्यास आरंभ झाला. डोंगरी गावांतून गवंडीकामास व धुराडी साफ करण्यास आलेली मुले दर रविवारी त्यांच्याभोवती जमू लागली. त्यांस प्रार्थना हवी होती व धावावयास जागाही हवी होती. जागा मात्र कोणी देईना. १८४५ च्या मे महिन्यात ती सारी एका दफनभूमीच्या देवळापाशी गेली, तो तेथील धर्मगुरूंच्या घरची बाई, आपल्या कोंबड्या घाबरल्या म्हणून, त्यांवर तुटून पडली. पुढे ती गिरण्यांपाशी गेली, तेथे गिरणीवाल्यांनी तक्रार केली. भाड्याच्या खोल्या घेतल्या, तर शेजारी कावले. शेवटी एक कुरण मिळाले. पण गवताची मुळेसुद्धा तुडविली जातात म्हणून मालकांनी तेही काढून घेतले. १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या सणास, पिनार्दी नामक गृहस्थाच्या पडवीत त्यांस ठाव लाभला. छप्पर इतके ठेंगणे होते की जमीन खणून खोल करावी लागली. तथापि त्या पडवीबरोबर खेळावयास जमिनीची एक पट्टीही त्यांनी भाड्याने घेतली होती, ही गोष्ट विसरू नये. त्या कथेत मी कोण, असे मनास विचारले, तेव्हा कोंबड्यांचीच बाजू माझ्या वाट्यास आली.

आपल्या महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. मुंबईस नागपाड्यासारख्या दाट वस्तीत १९२७ साली अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी शेजारगृह स्थापिले. नागपाड्याची बास्केटबॉलची कीर्ती आज सर्वत्र आहे. ते बंधू आपल्या पंथाचे नव्हेत, परंतु चांगले काम कोठूनही शिकावे. १९८९ च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराने ३१ व्या कलमात खेळणे हा मुलांचा हक्क मानला, भारताने १९९२ साली तो स्वीकारला, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेस क्रीडांगण असावे असे लिहिले आहे. कागद उत्तम आहेत. कुलुपाची किल्ली मात्र माणसाच्या खिशात असते.

मी कुलूप काढले. त्यानंतर आपल्या माताभगिनींनी मिळून एक वही केली. कोणत्या शाळेचे पटांगण सुटीनंतर उघडे राहते, मुख्याध्यापकांस अर्ज कोणी करावा, मोतीबागेत लहानांस केव्हा न्यावे, खेड्यातील गायरानाविषयी ग्रामपंचायतीस काय विचारावे, असे सर्व तीत लिहिले. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या बाजूंची कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांच्या मुलांस ना तिकडे खेळगडी, ना इकडे. त्यांच्यासाठी वहीत निराळे पान आहे, आणि ते अद्याप अर्धे कोरे आहे. ज्यांस आपल्या गावची माहिती असेल त्यांनी ती रविवारच्या मिस्सानंतर लिहून द्यावी.

देवळामागील फाटक दररोज दुपारी साडेचारपासून सायंप्रार्थनेच्या घंटेपर्यंत उघडे असते. त्यासाठी आपले कूळ वा धर्म कोणी विचारीत नाही. वस्त्रागाराच्या खिडकीस आता जाळी बसविली आहे. तिचा खर्च काच देणाऱ्या कुटुंबानेच केला.